पाटीवरचा नंबर सगळ्यांचा असतो का?

पत्राचा सारांश: सोलापुरातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचे हे पत्र आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २०१८ साली, माजी विद्यार्थी मंडळाने शाळेतून शिकून गेलेल्या व्यावसायिकांची एक सूची छापली. डॉक्टर, वकील, सीए, परिचारिका, वायरमन, प्लंबर असे ३४० जण तिच्यात आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, रक्तगट आणि छायाचित्र आहे. गेल्या दिवाळीत मंडळातील तरुणांनी ही सूची सगळ्या तपशिलांसह इंटरनेटवर टाकली. महिन्याभरात एका माजी विद्यार्थिनीने, ज्या आता फिजिओथेरपिस्ट आहेत, आपले नाव काढावे असा लेखी अर्ज दिला. पाठोपाठ एका वकिलांनी आणि आणखी दोघांनी. फुकट जाहिरात होत असताना तक्रार कसली, असे मंडळातील काहींचे म्हणणे आहे. काहींना वाटते, की वाद नको, सगळी सूचीच काढून टाकावी. सरांना विद्यार्थिनीचा अर्ज मनाला लागला आहे. तिने फोन करून सांगितले असते तर काय बिघडले असते, असे ते विचारतात. खेड्यापाड्यांतून सोलापुरात उपचारासाठी येणाऱ्यांना या सूचीचा उपयोग होतो, तो का बुडवावा, आणि कायदा याबाबत काय म्हणतो, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आदरणीय सर,

‘तिच्या दवाखान्याच्या पाटीवर तोच नंबर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे, मग आम्ही कोणते गुपित फोडले?’ हा तुमच्या पत्रातला प्रश्न बिनतोड वाटतो. मंडळाच्या बैठकीतही त्यावर कोणाला उत्तर सुचले नसेल. म्हणून त्या पाटीपासूनच सुरुवात करते.

पाटी वाचणारा माणूस पाटीखाली उभा असतो. तो बहुधा रुग्ण असतो, नाहीतर रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ, फार तर शेजारच्या औषधांच्या दुकानात आलेला कोणी. त्याला जशी पाटी दिसते, तसा तोही आत बसलेल्यांना दिसतो. रात्री नऊला शटर खाली ओढले, की त्या दिवसापुरता पाटीचा व्यवहार संपतो. तुमच्या सूचीचा वाचक मात्र कोण आहे, कोणत्या गावात आहे, रात्री किती वाजता वाचतो आहे, हे कोणालाच दिसत नाही. शिवाय पाटीवर घरचा पत्ता नसतो, जन्मतारीख नसते. विजापूर रस्त्यापासून बाळे भागापर्यंत सोलापूरभर हिंडून ३४० पाट्या वहीत उतरवून घेण्याचा उद्योग कोणी करणार नाही. पण तीच नावे एका ठिकाणी ओळीने मांडून दिली, की ती उचलायला क्षण पुरतो, आणि हे उचलण्याचे काम बहुतेक वेळा माणसे करतही नाहीत, त्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम करतात.

मंडळातील ज्येष्ठ सदस्य इथे टेलिफोन खात्याच्या त्या जाडजूड डिरेक्टरीची आठवण काढतील. तिच्यात साऱ्या गावाचे नाव, पत्ता आणि नंबर असत आणि कोणी कधी कुरकुर केली नाही, हे खरेच आहे. पण त्या काळचा नंबर घरातल्या एका डब्याला जोडलेला होता, आणि तो डबा बैठकीच्या खोलीत तिपाईवर असे. आजचा मोबाइल नंबर बँकेच्या खात्याला जोडलेला आहे, आधारला जोडलेला आहे, व्हॉट्सअॅपवरच्या छायाचित्राला जोडलेला आहे. पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये तो टाकला, तर खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव समोर येते. त्याच्या जोडीला तुमच्या सूचीने जन्मतारीख दिली आहे. ‘मॅडम, बँकेतून बोलतोय, तुमची जन्मतारीख अमुक, पत्ता जुळे सोलापूर, बरोबर ना? केवायसी अपुरी आहे,’ असे कोणी सफाईने म्हणाला, तर समोरच्याचा अर्धा संशय तिथेच गळून पडतो. ही वाक्ये बोलायला लागणारा सगळा ऐवज तुमच्या एका ओळीत आहे. रक्तगट छापण्यामागची भावना चांगलीच होती. पण अडचणीच्या वेळी रक्त रक्तपेढीतून मिळते आणि तिथे ते तपासूनच देतात, म्हणून तो रकाना आता गेला तरी चालेल.

तुमच्या विद्यार्थिनीला मी ओळखत नाही. पण घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्या दोघी फिजिओथेरपिस्टशी या उत्तरासाठी बोलले, आणि त्यांनी जे सांगितले ते तुमच्यापर्यंत पोहोचवणे मला महत्त्वाचे वाटते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई दवाखान्यात येऊ शकत नाही, म्हणून या बायका त्यांच्या घरी जातात. एकट्या, अनोळखी घरात, पुष्कळदा संध्याकाळनंतर. म्हणून नवा रुग्ण घेताना त्यांचा एक अलिखित नियम असतो: कोणत्या तरी ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी किंवा आधीच्या रुग्णाने नाव सुचवलेले हवे. ‘कोणी पाठवले?’ हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. त्यातल्या एकीने मला आपल्या फोनवरचा एक संदेश दाखवला. रात्री साडेअकराला आलेला. पहिल्या ओळीत कंबरदुखी, दुसऱ्या ओळीत ‘घरी येता का’, तिसऱ्या ओळीत ‘एकट्याच येता का’. आपल्या याच नंबरावरून सकाळी दहा रुग्णांना व्यायामाचे व्हिडिओ पाठवायचे असतात, त्यामुळे फोन बंद ठेवणे त्यांना परवडत नाही. एक माणूस ब्लॉक केला, तर दुसरा येतो.

डॉक्टरांची चिठ्ठी हा या कामातला उंबरठा आहे, सर. तुमच्या सूचीने तो नकळत काढून टाकला आणि वर घराचा पत्ताही दिला. विद्यार्थिनीचा अर्ज वाचताना एवढे लक्षात ठेवलेत, तर तो अतिरेकी वाटणार नाही.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला’ हे वाक्य तुमच्या पत्रात मंडळातील एका सदस्याच्या तोंडी आले आहे. त्या सदस्यांना एकच विचारा: तुमच्या बँकेत नोंदलेला नंबर, जन्मतारीख आणि घरचा पत्ता एका कागदावर लिहून सात रस्ता चौकातल्या विजेच्या खांबावर चिकटवू का? ते नाही म्हणतील, आणि त्यामागे लपवाछपवी नसेल. तो कागद कोणासाठी आहे, हेच कळत नसल्यामुळे ते नाही म्हणतील.

आता एक गोष्ट, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण जी मला सर्वांत गंभीर वाटते. सूची २०१८ची आहे. इतक्या वर्षांत तिच्यातले किती नंबर बदलले असतील? आपल्याकडे बंद झालेला मोबाइल नंबर कायमचा नाहीसा होत नाही. किमान ९० दिवस थांबून तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या सूचीतील एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाचा जुना नंबर आज कोणा कॉलेजातल्या मुलाकडे किंवा विडी कामगार बाईकडे असू शकतो, आणि रात्री दोनला घाबरलेल्या नातेवाइकाचा फोन तिथे वाजेल. माझ्याकडे आत्ता असलेला नंबर पूर्वी यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या कोणाचा तरी होता. तो घेतल्यावर दीड वर्ष मला धोट्यांचे भाव विचारणारे फोन येत, त्यातले निम्मे तेलुगूतून. एक वृद्ध गृहस्थ तर दर पंधरा दिवसांनी करत; त्यांच्या वहीत हाच नंबर होता आणि वही चुकणे शक्य नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्या वहीची एकच प्रत होती, म्हणून मी निभावून नेले. तुमच्या वहीच्या प्रतींना मोजमाप नाही. आणि एक नाजूक बाब: ३४० जणांपैकी काही आज हयातही नसतील. त्यांच्या घरी ‘डॉक्टरसाहेब आहेत का’ असा फोन जाणे बरे नव्हे.

मग व्यावसायिकाबद्दल लोकांना काहीच कळू नये का? कळलेच पाहिजे, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि चिठ्ठीवरही लिहिला पाहिजे, असे वैद्यकीय परिषदेचे २००२चे नियम सांगतात. समोरचा खरोखर डॉक्टर आहे की नाही, हे रुग्णाला पडताळता यावे, हा त्यामागचा उद्देश आहे. नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, कामाचे ठिकाण आणि कामाच्या वेळा यांवर समाजाचा हक्क आहे, असे मी मानते. खासगी मोबाइलवर तो हक्क नाही. तुमच्या सूचीत नेमके उलटे झाले आहे: रक्तगट आहे, पण एकाही डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही आणि दवाखान्याची वेळ नाही.

वकिलांच्या आक्षेपाचे कारण बहुधा वेगळे असेल. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. २००८मधील दुरुस्तीने त्यांना संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्याची मुभा मिळाली, त्यापलीकडे नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातबाजीवर कडक ताशेरे ओढले आणि त्यानंतर बार कौन्सिलनेही पावले उचलली. तुमच्या तरुणांनी नावांपुढे ‘निष्णात’, ‘नामवंत’ अशी विशेषणे आणि वाचकांनी द्यायचे तारे जोडले आहेत, असे तुम्ही लिहिता. ते हौसेने केले असेल. पण त्या वकिलांना त्याचा जाब द्यावा लागू शकतो. विशेषणे आणि तारे आजच काढा. सीएंच्या बाबतीतही त्यांच्या संस्थेचे जाहिरातीचे नियम आहेत, तेव्हा त्यांनाही आधी विचारलेले बरे.

कायद्याचे तुम्ही विचारले आहे. मी वकील नाही, म्हणून थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये, लागू व्हायच्या आहेत. कागदावर गोळा करून नंतर डिजिटल केलेली माहितीही या कायद्याच्या कक्षेत येते, म्हणजे तुमची सूची अगदी बरोबर त्यात बसते. संमती विशिष्ट कारणासाठीच असली पाहिजे, आणि ती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. आता मंडळातील कोणी वकील सदस्य उठून म्हणतील, की व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. ते बरोबर आहे, आणि पाटीवरचा नंबर या अपवादात ओढूनताणून बसवताही येईल. पण आपली जन्मतारीख आणि घरचा पत्ता त्या बाईंनी कोणत्या पाटीवर रंगवला होता? २०१८मध्ये त्यांनी फॉर्म भरला तो शाळेच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेसाठी. आपल्या वर्गमित्रांच्या कपाटात राहणाऱ्या पुस्तिकेला दिलेला होकार साऱ्या जगाला दिलेला होकार ठरवणे, हे कायद्याआधी रीतीलाच धरून नाही.

तरीही ‘सगळे काढून टाका’ म्हणणाऱ्या गटाशी मी सहमत नाही. सोलापूर हे केवळ आपल्या जिल्ह्याचे उपचाराचे गाव राहिलेले नाही. धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या इंडी, अफझलपूर भागातूनही लोक रुग्णाला घेऊन इथे येतात. बसस्थानकावर उतरलेल्या, हातात एक्स-रेची पिशवी घेतलेल्या माणसाला कन्नड किंवा तेलुगू बोलणारा डॉक्टर कुठे सापडेल, हे सांगणारी सूची ही खरी सेवा आहे. आक्षेप घेणाऱ्यांनाही मी हे सांगेन, की व्यवसाय लोकांशी संबंधित असेल, तर लोकांना पोहोचण्याचा एक तरी रस्ता उघडा ठेवावा लागतो. मात्र तो रस्ता कोणता असावा, हे त्यांनी ठरवायचे. दवाखान्यातल्या काउंटरवरचा फोन, कार्यालयाचा ई-मेल, फक्त कामासाठी घेतलेला दुसरा नंबर, किंवा ज्या रुग्णालयात त्या जातात तिथली चौकशीची खिडकी, यांपैकी काहीही चालेल. त्या माणसाला तज्ज्ञाच्या खिशातल्या फोनची गरज नसते. त्याला फोन उचलणारा कोणी आणि ‘चारनंतर या’ असे सांगणारा आवाज पुरतो.

तेव्हा सध्याचे पान आज रात्रीच उतरवा, कायमचे नव्हे, नवे तयार होईपर्यंत. शोधयंत्रांत जुन्या पानाच्या खुणा काही दिवस दिसत राहतात. त्या काढण्यासाठी विनंती करण्याची सोय असते आणि तुमच्या तरुणांना ती सापडेल. व्हॉट्सअॅप गटांवर फिरलेली पीडीएफ मात्र परत बोलावता येणार नाही, हे सदस्यांना स्पष्टपणे सांगा. त्यानंतर प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा. त्याचा मजकूर साधारण असा असू द्या: ‘२०१८च्या सूचीतील तुमची माहिती आम्ही न विचारता इंटरनेटवर टाकली, त्याबद्दल दिलगीर आहोत. नव्या सूचीत तुमचे नाव हवे का? हवे असल्यास लोकांनी तुमच्याशी कोणत्या नंबरावर आणि कोणत्या वेळेत संपर्क करावा? हे उत्तर पुढे कधीही बदलता येईल.’ जन्मतारीख, रक्तगट आणि घरचा पत्ता हे रकाने विचारूच नका; जे विचारले नाही ते सांभाळावेही लागत नाही. वायरमन आणि प्लंबर मंडळींना मोबाइलच लागतो, कारण त्यांचे दुकान खिशातच असते. त्यांनी आनंदाने दिला तर छापा, पण त्यांनाही विचारा. फुकट जाहिरात सगळ्यांनाच हवी असते, हे आपण परस्पर ठरवू नये.

उत्तर न देणाऱ्यांचे काय, हा प्रश्न बैठकीत नक्की निघेल आणि ‘मौन म्हणजे होकार’ असे कोणीतरी म्हणेल. ३४० पैकी दीडशेच नावे उरली, तर सूची केविलवाणी दिसेल, ही त्यामागची धास्ती मला कळते. पण दीडशे चालू नंबरांची सूची ३४० नावांच्या स्मरणिकेपेक्षा एक्स-रेची पिशवी घेतलेल्या त्या माणसाला अधिक उपयोगी आहे. पानावर वरतीच ‘अमुक तारखेला तपासले’ असे लिहा, आणि बदल किंवा नाव काढण्यासाठी मंडळातल्या एकाच जबाबदार व्यक्तीचा ई-मेल द्या. दरवर्षी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला बाहेरगावचे माजी विद्यार्थी सोलापुरात येतातच. त्या सुमारास नंबर पुन्हा पडताळून घेण्याचा पायंडा पाडता येईल.

हे सदर वाचणाऱ्या इतर व्यावसायिकांसाठीही थोडे. बँकेत नोंदलेला नंबर आणि पाटीवरचा नंबर एकच असेल, तर सवड काढून ते वेगळे करा. कामाचा फोन शक्य तर दवाखान्यात किंवा कार्यालयातच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर आपले छायाचित्र फक्त ओळखीच्यांना दिसेल, अशी सोय आहे, ती वापरा. १९०९वर नोंद केल्याने जाहिरातींचे अधिकृत फोन थांबतात; चोरटे थांबत नाहीत. पैशांची फसवणूक झाल्यास क्षणही न दवडता १९३० फिरवा. स्त्रीने नकार दिल्यानंतरही एखादा पुरुष तिच्याशी वारंवार संपर्क करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८नुसार तो पाठलागाचा गुन्हा ठरतो, म्हणून संदेश पुसू नका, जपून ठेवा.

राहता राहिला तो अर्ज. विद्यार्थिनीने फोन न करता लेखी दिले, याचे तुम्हाला वाईट वाटले. पण जरा आठवा सर, एक दिवसाची रजा हवी असली तरी लेखी अर्ज आणा, असे वर्षानुवर्षे मुलांना कोण सांगत होते? त्यांना तुमच्याशी भांडायचे असते, तर त्या पोलिसांत गेल्या असत्या किंवा गटावर चार शब्द लिहून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी अर्ज मंडळाच्या नावे दिला, तुमच्या नावे दिला नाही, यात मला तरी तुमची भीड राखलेली दिसते. त्यांना फोन तुम्हीच करा, चिटणिसांना करायला सांगू नका. मात्र सूचीतल्या नंबरावर नको. दवाखान्यात, कामाच्या वेळेत करा. पान उतरवले आहे एवढे सांगा, आणि नव्या सूचीत कोणता नंबर घालू, की कोणताच नको, ते विचारून तिथल्या तिथे लिहून घ्या.